मुसकी बांधलेला बैल

गोपीनाथरावांचे दिवसकार्य उरकल्यावर वसुधाने कपाट उपसलं. वडिलांच्या छातीच्या एक्स-रेची पिशवी सापडली, पण ती रिकामी होती. कारखान्याच्या दवाखान्याने शेवटपर्यंत ‘विडीचा खोकला’ म्हणून हात झटकले होते. वडिलांनी तर जन्मात विडी ओढली नव्हती. भट्टीखात्यातल्या धुळीने त्यांना नेलं, हे तिला जवाहर चौकातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं होतं. फिल्मशिवाय ते तरी काय लिहिणार?

“मला काय ठाऊक,” आई म्हणाली. फार पटकन म्हणाली.

कॉलनीत तेव्हा भिंतींवर जनावरं उमटत होती. क्लबच्या भिंतीवर खुर्चीत बसलेला बोका. गेटजवळ हेल्मेट घातलेल्या शेळ्यांची रांग. दवाखान्याच्या कुंपणावर तोंडाला मुसकी बांधलेला बैल. साच्यातून काळा रंग थोपटून काढलेली, काठ अगदी स्वच्छ. चौकीदार चुना फासत, जनावरं दुसरीकडे उगवत.

फिल्मबद्दल वसुधाला संशय होता नरहरकाकांचा. ते पॅकिंगखात्यात, मालाच्या खोक्यांवर साच्याने छत्री न्‌ पेला छापणारे. रोज भेटायला येत, आईशी हलक्या आवाजात बोलत, वसुधा आली की गप्प. त्यातून तिने त्यांना कारखान्याच्या साहेबांच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. फिल्म साहेबांच्या घशात गेल्या, हे तिने मनाशी धरलंच.

दुपारी ती त्यांच्या क्वार्टरवर गेली. दार उघडंच होतं. खाटेवर फिल्म पसरल्या होत्या, आणि प्रत्येकीत जनावराच्या आकाराचं भोक. टोपलीतून तिने एक तुकडा उचलून उजेडात धरला. बैल होता. बैलाच्या पोटात वडिलांच्या बरगड्या.

“बस पोरी.”

“बसायला नाही आले. साहेबांच्या गाडीत कशाला गेला होतात?”

“चौकशीला नेलं होतं. बैल कुणाचा, विचारत होते. म्हटलं, कोणा शेतकऱ्याचा असेल.”

ती हसली नाही. “या कुणी दिल्या?”

“तुझ्या आईने. पण सांगितलं गोपीनेच. साचे आम्ही जुन्या फिल्मचेच कापतो, रंग पुसला की पुन्हा चालतात. म्हणाला, नऱ्या, माझ्या छातीतून जनावरं काढ. अर्ज कुणी वाचत नाही, भिंत तरी वाचतील.”

“आप्पा तुम्हाला नऱ्या म्हणत?”

“मग काय, नरहरजी साहब?”

सगळं फार नीट जुळत होतं, म्हणूनच तिला पटेना. “पुरावा होता तो, काका.”

“त्याला ठाऊक होतं गं.” त्यांनी गादीखालून एक अखंड फिल्म काढली. “ही शेवटची. कापायला हात धजत नाही.”

फुप्फुसातल्या पांढुरक्या डागावर पेनाने वासरू रेखलं होतं, मुसकीशिवाय. रेघ थरथरत गेलेली. आजारपणात वडिलांची सही अशीच होत असे. मागचे पाय काढताना त्यांना मध्येच थांबावं लागलं असणार.

तिने फिल्म त्यांच्या हातातून घेतली. मग म्हणाली, “ही मी नेते.”

“त्याची शेवटची इच्छा आहे, वसू.”

“असेल. मला नाही सांगितली त्यांनी.”

घरी आई दारातच उभी होती. तिने फिल्म पाहिली आणि हात पुढे केला. “दे, मी ठेवते जपून.”

“उद्या डॉक्टरांना दाखवणार आहे.”

“मीही येते.”

“ये,” वसुधा म्हणाली. पण फिल्म तिने आईच्या हातात दिली नाही.