गुड फ्रायडेचं अंडं

कोनराडा नानायच्या, म्हणजे कोनराडाआईच्या, बांबूच्या घरात त्या दुपारी इतकी माणसं चढली होती की खाली खांबाला बांधलेलं डुक्कर सारखं वर बघत होतं. वर मावली नाहीत ती शिडीवर उभी होती आणि शिडीवर मावली नाहीत ती पोरं खिडकीला लटकली होती. मधोमध चटईवर नानायची सून एडिथा आडवी पडली होती. बेटावरच्या शाळेत ती विज्ञान आणि गणित शिकवायची, त्यामुळे खिडकीतली निम्मी पोरं तिच्याच वर्गातली. आपल्या बाईंच्या पोटाचा तमाशा बघायला मिळणं हे काही रोजचं नव्हे!

एडिथाला नववा महिना लागला होता आणि बाळ उलटं होतं, डोकं वर आणि ढुंगण खाली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "शनिवारच्या होडीने शहरात जा आणि बाळंत होईपर्यंत तिथेच राहा. मोठ्या इस्पितळात बाहेरून हाताने वळवून बघतील, नाहीच वळलं तर ऑपरेशन करतील. इथे कळा सुरू झाल्या आणि वारा उठून होडी बंद पडली, तर तू आणि बाळ दोघंही जिवानिशी जाल. मी एकटी काय करणार?"

ऑपरेशन म्हटल्याबरोबर नानायने छातीवर क्रूस केला आणि पलीकडच्या गावातून मानोंग क्रिसांतोला, म्हणजे पोटातली बाळं वळवून देणाऱ्या क्रिसांतोदादाला, बोलावणं धाडलं. एडिथाचा नवरा आर्सेनियो आई आणि बायको यांच्या मध्ये उभा राहून दोघींनाही मान डोलवत राहिला. या कामात त्याचा हात धरणारा बेटावर कोणी नव्हता.

क्रिसांतो आला तोच मुळी आरडाओरडा करत. "हे हात बघा, हे हात! जगात माझे पाय आधी आले, डोकं सगळ्यात शेवटी! मी पायाळू आहे, पायाळू! म्हणून पोटातली डोकी मला चळाचळा कापतात!"

पायाळू माणसाने गळ्यावरून हात फिरवला की अडकलेला माशाचा काटा उतरतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. मग ज्याच्या हाताला काटा ऐकतो त्याला बाळ का ऐकणार नाही, असा साधा सरळ हिशोब होता.

त्याने टोपलीतून केळीच्या पानात गुंडाळलेलं अंडं काढलं. "हे साधं अंडं नाही. माझ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीने गुड फ्रायडेला, बरोब्बर येशूने प्राण सोडला त्या घटकेला घातलेलं."

एडिथाच्या मनात आलं, आता ऑगस्ट चालू आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतही हा असंच अंडं घेऊन गेला होता आणि त्याच्या आधी बंदरावर. त्या एका घटकेला बिचाऱ्या कोंबडीने किती बरं अंडी घातली असतील? पण पोट उघडं टाकून पडलेल्या बाईने गणित विचारायचं नसतं.

क्रिसांतोने एक खोल वाडगं पाणी मागितलं आणि अंडं त्यात सोडलं. ते निमुळतं टोक वर करून उभं राहिलं.

"बघा! डोकं वर! आत बाळ जसं आहे तसंच हे उभं आहे!"

मग खोबरेल तेलाने तो तिचं पोट चोळू लागला. तोंडाने लॅटिनसारखं काहीतरी चाललं होतं. "दोमिनुस, पेत्रुस, फिरुस, वळुस..." चर्चमधला पाद्री जवळपास नव्हता, हे बरंच झालं. थोड्या वेळाने अंडं डुगडुगलं, कलंडलं, आडवं झालं आणि बघता बघता उलटलं. निमुळतं टोक खाली!

घरात एकच कल्ला झाला. नानाय ढसाढसा रडायला लागली. आर्सेनियोने खिडकीतून ओरडून होडीवाल्याला सांगून टाकलं, "ए, शनिवारची जागा रद्द कर रे! बाळ फिरलं!"

एडिथाने तेवढ्यात हळूच डाव्या बरगडीखाली हात लावला. सकाळी तिथे जो टणक गोळा होता तो अजून तिथेच होता. त्यात बाळाला उचकी लागली, तीही तिथेच वर. खाली मूत्राशयावर मात्र दणादण लाथा बसत होत्या.

"नानाय, डोकं आहे तिथेच आहे."

"ते ढुंगण असेल गं."

"ढुंगणाला उचकी लागते का, नानाय?"

बायका हसल्या. क्रिसांतो मात्र जराही डगमगला नाही. "डोकं फिरलं, मॅम. वर राहिली ती डोक्याची सावली. तीन दिवसांत तीही उतरेल."

भक्तीने भारावलेल्या नानायने वाडगं उचललं. "हे पुण्याचं पाणी आहे, पी बाई!"

"नको नको!" क्रिसांतो एकदम पुढे झेपावला. "ते समुद्रात सोडायचं असतं, अंड्यासकट, माझ्या हाताने!" पण एडिथाने तोवर घोट घेतला होता.

खारट! घरामागच्या पागोळीच्या टाकीतलं पाणी तिने स्वतः सकाळी भरलं होतं. पावसाच्या पाण्यात मीठ आलं कुठून? तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भीती एवढी बसली होती की हसू आलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. ती कोपरावर टेकून उठून बसली.

"मानोंग," ती अगदी साखर पेरून म्हणाली, "तुमच्या टोपलीत अजून एक अंडं दिसतंय."

"ते उद्याच्या बाईचं आहे, मॅम."

"तिला पुढचं द्या. तुमच्या कोंबडीला काय कमी आहे? आमच्या घरात अजून एक पोट अडलंय हो." आणि तिने नवऱ्याला खूण केली. "आर्सेनियो, शर्ट काढ आणि झोप इथे."

माडाच्या ताडीवर पोसलेलं आर्सेनियोचं पोट उघडं पडलं तसा शिडीवरून हशा उसळला. कोणीतरी ओरडलं, "जुळी आहेत रे!" क्रिसांतो पुरुषाला हे चालत नाही, पाप लागेल, अंडं फुटेल असं बडबडत टोपलीकडे सरकला. पण टोपली खिडकीजवळ होती, आणि खिडकीत पाचवीचा वर्ग होता. बाईंनी नुसती भुवई उचलताच अंडं हातोहात तिच्यापर्यंत पोचलं. तिने ते तसंच, निमुळतं टोक वर करून ताज्या पाण्यात सोडलं, नवऱ्याच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून गंभीरपणे मंत्र सुरू केला.

"नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस..."

खिडकीतल्या पोरांनी सूर धरला. पाढा संपला, पुन्हा सुरू झाला. अंडं डुगडुगलं, कलंडलं, उलटलं.

"अभिनंदन, नानाय," एडिथा म्हणाली. "तुमच्या मुलाचं बाळ फिरलं. आता कळा कधी येतात ते बघू."

हसून हसून बांबूची जमीन हलायला लागली. पण नानाय हसत नव्हती. ती वाडग्याकडे टक लावून बघत होती. एडिथाने अंडं उचललं आणि काठावर फोडलं. आतून पिवळं आलं नाही, पांढरं आलं नाही, सडका वाससुद्धा आला नाही. पोकळ कवच होतं. निमुळत्या टोकात मेणाने चिकटवलेला, मासे धरायच्या जाळ्याला लावतात तसला शिशाचा मणी, आणि रुंद टोकाला एक भोक, त्याभोवती ओल्या मिठाचा लगदा.

एडिथाने सगळ्यांना दाखवलं. "आधी मीठ जड, म्हणून हे टोक खाली राहतं. भोकातून पाणी शिरतं, मीठ विरघळून बाहेर जातं. मग शिसं जड होतं आणि अंडं उलटतं. माझ्या पोटात काय चाललंय ते याला कुठून कळणार?"

"पण मग इतक्या बायकांची बाळं वळली, ती?" शेजारीण म्हणाली.

"हा बहुतेकींकडे सातव्या महिन्यात जातो. तेव्हा उलटी असलेली कितीतरी बाळं पुढे आपोआप वळतात. वळलं की नाव याचं होतं. आणि नाही वळलं तर हा काय सांगतो?"

कोणी बोलायच्या आधी नानायच बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणतो, बाई दारात बसली होती. दार अडवलं म्हणून बाळ अडलं."

नानायची लेक डेलिया गेल्या वर्षी इथेच बाळंत झाली होती. क्रिसांतोच्या भरवशावर तिला होडीत बसवलं नव्हतं. बाळ पायाकडून आलं, डोकं अडकलं आणि ते दगावलं. त्यानंतर नानायने लेकीला तोंडावर म्हटलं होतं, तू दारात बसलीस. डेलिया त्या दिवसापासून माहेरी आली नव्हती.

क्रिसांतो एव्हाना शिडी उतरत होता. "श्रद्धा नसलेल्या घरात..." त्याने सुरुवात केली. नानायने राहिलेलं पाणी वाडग्यासकट त्याच्या डोक्यावर ओतलं.

"सावली उतरली का रे तुझी?" ती ओरडली. मग मुलाकडे वळली. "पोट झाक ते! होडीवाल्याला सांग, शनिवार नाही, आज!"

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वळवून बघू. वळेलच असं नाही."

"खात्री नाही?" नानाय भडकली. "मग एवढं शिकलात कशाला?"

"शिकले म्हणूनच खात्री देत नाही, नानाय. पण नाही वळलं तर पुढे काय करायचं ते मला माहीत आहे."

नानायने डॉक्टरीणबाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, "हिच्याकडेच राहू."

बाळ वळलं नाही. ऑपरेशन झालं, आणि एडिथाला मुलगी झाली, धडधाकट आणि भयंकर रडकी. ज्याचं कधीच चुकत नाही आणि चुकलंच तर दोष दरवेळी आईचा निघतो, अशा माणसाच्या हाती आपलं पोट देऊ नका, एवढंच सांगणं आहे. "माहीत नाही" म्हणायची हिंमत असलेलं माणूस शोधा, आणि होडी चालू आहे तोवर निघा.

नातीला डोळे भरून पाहिल्यावर नानाय घरी गेली नाही. बंदरावरून तिने दुसरी होडी धरली आणि थेट डेलियाच्या गावी उतरली. डेलिया मासे साफ करत बसली होती. तिने वर बघितलं, पण उठली नाही.

नानाय तिच्या समोर, भर दारात, उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"तू दारात बसली नव्हतीस, पोरी," ती म्हणाली. "आणि बसली असतीस तरी काय झालं असतं!"