पाठीवरच्या ओल्या वड्या

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, फाटकावरची. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढंच माझ्या तोंडावर लिहिलंय आणि त्याच शब्दांची मला किळस येते.

जन्माने मी तेलाच्या पिप्याचा पत्रा. पांढरकवड्याच्या अब्रार पेंटरने मला कापलं, एका बाजूला पिवळा रंग देऊन अक्षरं काढली आणि पाठ कोरी ठेवली. घरमालक पुंडलिकरावांनी वीस रुपयांसाठी त्याच्याशी तासभर घासाघीस केली. या माणसाचं पाणी मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मला वाचून अतिया आणि उज्ज्वला वरच्या खोलीत राहायला आल्या. दोघी एकाच दवाखान्यात नर्स. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट दहा हजार, निम्मं-निम्मं. उज्ज्वलाच्या वाट्यासाठी तांड्यावर तिच्या आईने, मानीबाईने, दुभती बकरी विकली होती. पैसे परत मिळाले की बकरी परत आणायची, असं मायलेकींचं ठरलं होतं.

पाचव्या महिन्यात दवाखानाच बंद पडला. दोघींनी रीतसर सांगून खोली सोडली. नवा भाडेकरू आला की पैसे देतो, असा शब्द पुंडलिकरावांनी दिला.

भाडेकरू पंधरा दिवसांत आला. मला उतरवून गच्चीवर टाकलं. तिथे त्यांच्या पत्नी वच्छलाबाई माझ्या कोऱ्या पाठीवर मुगाच्या वड्या घालू लागल्या. आयुष्यात तेवढंच एक चोख काम माझ्या हातून झालं.

पण मुलींचा फोन आला की मी पुन्हा फाटकावर. अतिया एकटी आली तर पुंडलिकराव म्हणायचे, दोघींचं डिपॉझिट आहे, दोघी या. उज्ज्वला एकटी आली तरी तेच. शिवाय माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, खोली अजून रिकामीच आहे. सकाळी तासभर देवपूजा करणारा माणूस! शी! आणि त्याच्या खोटेपणाला साक्षीदार मी.

खोली सोडल्यानंतर चौथ्या महिन्यात दोघी न कळवता जोडीने आल्या. लांबून त्यांना पाहताच पुंडलिकरावांनी माझ्या पाठीवरच्या वड्या हाताने खरवडल्या आणि मला टांगलं. काही वड्या चिकटूनच राहिल्या. पाटीची पाठ कोण पाहतं?

उज्ज्वलाने पाहिली. माशा घोंगावत होत्या, म्हणून तिने मला उलटं केलं.

"काका, चार महिन्यांपासून टांगून हाये न ही पाटी? मंग हिच्यावर ओल्या वड्या कोनं घातल्या?"

वड्या शोधत वच्छलाबाई फाटकात आल्या होत्या. नवऱ्याचा डाव त्यांना ठाऊकच नव्हता.

"मीनंच घातल्या, बाई. भाडेकरू आल्यापासून पाटी गच्चीवरच तं पडून राह्यते."

पुंडलिकराव आत गेले, पैसे घेऊन आले. त्यातही दोनशे कमी.

"पाटीचे कापले. तुम्ही मधातच खोली सोडली, म्हनून टांगा लागली."

मी तर त्या दोघींच्या आधीपासूनची! उज्ज्वला भांडली नाही. तिने मला खिळ्यावरून काढलं. "पैसे आमचे लागले, मंग पाटीबी आमची."

आता मी तांड्यावर मानीबाईच्या परत आणलेल्या बकरीच्या गोठ्याला छप्पर आहे. अक्षरं आतल्या बाजूला, बकरीकडे. तिला वाचता येत नाही आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही. माझं एवढंच मागणं आहे, मला पुन्हा कुणाच्या फाटकावर नेऊ नका.