पांढरं टोपडं

बस डेपोच्या विश्रांतिगृहातले सगळे आ वासून बसले होते. आश्चर्याने म्हणाल तर तेही खरं, पण मुख्य म्हणजे दातांचं विष उतरवायला आलेल्या बाबांनी आ करायला सांगितलं होतं. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, कंडक्टर, गाड्या धुणारे, गॅरेजमधले मिस्त्री, सगळे लोखंडी खाटांवर ओळीने बसलेले, हातात चहाचा कप आणि तोंड छताकडे.

"घोट घ्या. तोंडात फिरवा. गिळा," बाबा म्हणाले. "चहा उष्ण. उष्णतेनं विष सैल होतं. आता शुद्धिका बोटात घाला आणि दातांवरून फिरवा."

शुद्धिका म्हणजे पांढऱ्या कापडाची बोटभर पिशवी. तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी दिसायची, म्हणून डेपोत तिचं नाव टोपडंच पडलं. टोपड्याला लवंगेचा घमघमाट सुटलेला असे. माणसं दात घासत आणि बोट बाहेर काढत, तो काय! पांढरं कापड काळंकुट्ट.

"बघा! बघा हे तुमच्या रक्तातलं विष!" बाबा गरजत. "रोज ब्रश मारता ना? मग हे कुठं लपलं होतं? ब्रश नको, पेस्ट नको, पाण्याचा थेंब नको. स्टिअरिंगवर बसल्या बसल्या करा. एकदा वापरा आणि मला परत द्या. विष रस्त्यात टाकायचं नसतं."

वापरलेली टोपडी ते एका झाकणाच्या डब्यात गोळा करत. एकसुद्धा कुणाला नेऊ देत नसत.

माझी नोकरी त्याच डेपोत, चौकशीच्या खिडकीत. आता तिथे पडदा लावलाय म्हणतात, गाड्यांच्या वेळा त्यावर आपोआप सरकतात. आमच्या वेळी वेळा माझ्या तोंडात असायच्या. माणूस खिडकीशी यायच्या आधीच त्याच्या पिशवीवरून मी ओळखायची, हा कुठल्या गाडीचा. विश्रांतिगृहात एकच नळ, तोही करंगळीएवढी धार सोडणारा. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला त्या नळाशी रांगेत उभं राहून दात घासायला सांगणं म्हणजे जुलूमच होता. त्यामुळे टोपडं आलं तेव्हा मलाही ते बरंच वाटलं. प्रवासातल्या माणसाची सोय. सोय म्हणून कुणी विकलं असतं, तर मीही घेतलं असतं.

पण बाबांना सोय विकायची नव्हती.

आमचे हे लांबच्या मार्गावर ड्रायव्हर. आडदांड माणूस, घाटात ब्रेक फेल झाला तरी न डगमगणारा, पण दातांच्या डॉक्टरची खुर्ची दिसली की घाम फुटायचा. त्यांची खालची दाढ बरेच दिवस ठणकत होती. डेपोसमोरच डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. मी दाताच्या कण्या करून सांगितलं, तरी हे रस्ता ओलांडायला तयार नाहीत. आणि मग बाबा आले. टोपडं दाढेवर दाबून धरलं आणि ठणका थांबला. मग काय विचारता! घरी येऊन मला म्हणाले, "बघितलंस? पक्कड नाही, सुई नाही."

"लवंगेच्या तेलानं बधिर होतं हो," मी म्हटलं. "माझी आईसुद्धा लावायची. दाढ किडलेली ती किडलेलीच राहते."

"तुझी आई कापड काळं करून दाखवायची का?"

मी त्यांच्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं.

बाबांनी यांना पथ्य दिलं. चहा बंद, नुसतं पाणी. आणि दुसरं म्हणजे तोंडाला लोखंड लावायचं नाही. "लोखंड तोंडात गेलं की सगळी शुद्धी वाया. पक्कड लोखंडाची, सुई लोखंडाची. कळलं ना?" यांना ते इतकं कळलं की घरात चमचासुद्धा बाजूला ठेवून हाताने जेवू लागले. आणि त्या आठवड्यात यांचं टोपडं काढलं तर पांढरंशुभ्र! बाबांनी ते उंच धरलं. "हा माणूस शुद्ध झाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून बाबा यांना ड्युटी नसली की शेजारी बसवून घेऊ लागले, दुकानाबाहेर पाटी लावावी तसे.

फक्त एवढंच, की शुद्ध झालेल्या माणसाचा गाल सुजत चालला होता.

"शेवटचं विष वाटेत अडलंय," बाबा म्हणाले.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. यांना आणू शकले नाही, म्हणून एकटीच. त्यांनी विचारलं, "तोंड किती उघडतं? गिळताना त्रास होतो का? ताप?" मी सगळं, अगदी बाबांचं लोखंडाचं पथ्यसुद्धा, सांगत गेले तशी त्यांची भिवई वर वर चढत गेली. "हे बघा, दाढेच्या मुळाशी पू झालाय. ही सूज जबड्याखालून गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो. उद्यावर टाकू नका. उचलून आणा हवं तर."

उचलून आणायला ते काय पोतं होतं? घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "टोपडं पांढरं येतंय." शब्द नीट फुटत नव्हते. दातखीळ बसल्यासारखं बोलत होते. सकाळी पाणी पितानाही घोट अडत होता, आणि तरी माणूस विश्रांतिगृहाच्या वाटेला लागला. मी मागून खिडकीत जाऊन बसले. लोक गाड्यांच्या वेळा विचारत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीच्या सांगत होते.

खिडकीशेजारी आमच्या कंट्रोलरसाहेबांचं टेबल. सगळे त्यांना करवत म्हणायचे, कारण जीभ तशीच चालायची. शिवी कायम ओठांवर. पण गंमत अशी की डेपोत पहिल्याच फटक्यात पांढरं टोपडं निघालेला एकमेव माणूस हाच! बाबासुद्धा क्षणभर गडबडले होते, मग म्हणाले, "पूर्वजन्मीचं पुण्य." करवत तेव्हापासून छाती काढून चालत होते.

त्या सकाळी कँटीनवाला चहा घेऊन आला. मला कप दिला आणि नेहमीसारखा करवतांना दुधाचा पेला.

"चहा का नाही घेत हो तुम्ही?" मी उगाच विचारलं.

"जळजळ होते. माझी नाही, पोटाची," करवत म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी कप हातात धरून तशीच बसले. चहा न पिणारा, बैठकीतही घोट टाळलेला माणूस पांढरा. चहा सोडलेला आमचा माणूस पांढरा. चहा पिणारे झाडून सगळे काळे. आणि मला एकदम माझे आजोबा आठवले. माझ्या लहानपणी शाई घरी करायची पद्धत होती. आजोबा झाडाच्या साली उकळत, तुरट तपकिरी पाणी व्हायचं, अगदी कोऱ्या चहासारखं. मग त्यात ते हिराकसाची पूड टाकायचे. पाणी बघता बघता काळं व्हायचं. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. तीही जादूच वाटायची तेव्हा. पण आजोबा आम्हाला पूड हातात देऊन म्हणायचे, आता तुम्ही करा.

रस्ता ओलांडून मी धावतच दवाखान्यात गेले. "बाई, चहात हिराकस पडलं तर?"

"काळं होईल. चहातला तुरटपणा आणि हिराकसातलं..." त्या थांबल्या. "अहो, हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार की!"

 मग त्या म्हणाल्या, "मी खुर्ची रिकामी ठेवते. जा."

विश्रांतिगृहात बैठक भरली होती. हे बाबांच्या शेजारी, गालावर रुमाल धरून, डोळे तापाने लाल. मी रांगेत जाऊन बसले.

"या वहिनी!" एक कंडक्टर म्हणाला. "शेवटी आलात ना!"

"पतीच्या पुण्याईनं पत्नीला बुद्धी झाली," बाबा म्हणाले. "घोट घ्या माई."

मी घोट घेतला. बाबांनी टोपडं दिलं. मी ते बोटात घातलं आणि तोंडात न नेता कपाच्या आतून गरकन फिरवलं. वर काढलं. काळंकुट्ट.

"बाबा, या कपाला कुठल्या दाताची कीड लागली?"

बाबा मुरलेले. "माई, या कपाला हजार तोंडं लागलीत. हजार जणांचं विष आहे त्यात!"

आणि लोकांनी माना डोलावल्या! खरं सांगते, मला तेव्हा बाबांपेक्षा त्या मानांची भीती वाटली.

मी समोरच्या ओळीतल्याच्या हातून कोरं टोपडं घेतलं, चिमटीत लोंबतं धरलं आणि कँटीनवाल्याला म्हटलं, "भाऊ, किटलीतून सरळ यावर ओत." धार पडली, टोपडं काळं झालं.

"किटली अशुद्ध!" बाबा ओरडले.

"ए!" कँटीनवाला उसळला. "सकाळी राखेनं घासलीय! अशुद्ध कुणाला म्हणतो रे?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी दारात बघायला आलेल्या करवतांकडे वळले. "साहेब, तुम्ही पूर्वजन्मीचे पुण्यवान. एक घोट चहा घ्या आमच्यासाठी."

"जळजळ होईल."

"होऊ दे एक दिवस!" चार-पाच जण ओरडले. करवतांनी तोंड वाकडं करून चहा घेतला, टोपडं फिरवलं, बाहेर काढलं. पूर्वजन्म, पुण्य, सगळं शाईसारखं काळं.

"घ्या!" गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "साहेब, आज खरा रंग दिसला तुमचा!"

हशा उसळला, पण मला हसू येत नव्हतं. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, या कापडाला हिराकस लावलंय. शाईतलं हिराकस. चहा लागला की काळं, चहा सोडला की पांढरं. विषाबिषाचा काही संबंध नाही. आणि हिराकस कशाचं होतं माहीत आहे? लोखंडाचं. तोंडाला लोखंड लावायचं नाही म्हणून तुम्ही डॉक्टरीणबाईंना नाही म्हणालात. चमचा सोडलात. आणि रोज बोटानं लोखंडच दातांवर चोळत होता. तुमच्या या बाबांनीच चोळायला लावलं."

यांनी हळूच हात पुढे करून एक कोरं टोपडं उचललं, कँटीनवाल्याला खुणेने थेंबभर चहा मागितला, स्वतःच्या बोटाने टाकला आणि बघत राहिले. मग बाबांकडे बघितलं. रागाने नाही. वाट चुकलेला ड्रायव्हर रस्ता दाखवणाऱ्याकडे बघतो ना, तसे. आणि उठले. चालताना तोल जात होता, मिस्त्रीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या.

मागे झालेल्या गोंधळात बाबा निसटले. आमच्याच डेपोच्या गाडीत बसून गेले म्हणे, रीतसर तिकीट काढून.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली आणि खुर्चीत बसूसुद्धा दिलं नाही. थेट मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे जबड्याखाली चिरून पू काढला, श्वासासाठी गळ्यात नळी घातली. सर्जन मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी तुम्हाला वेगळं काही सांगत असतो." मी इस्पितळाच्या बाकावर बसून होते. जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. शाईची युक्ती मला एक आठवडा आधी का सुचली नाही, असा प्रश्न नव्हता; प्रश्न असा होता की डॉक्टर समोर असताना माझ्या माणसाला वाचवायला मला कापड काळं करून का दाखवावं लागलं.

हे वाचले. जबडा मात्र पुढे कधी पूर्ण उघडला नाही, आणि लांबचा मार्ग सुटला.

नळी काढली त्या दिवशी तो कंडक्टर भेटायला आला, मला रांगेत "या वहिनी" म्हणालेला. खुर्चीच्या कडेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, ते टोपडं एखादं उरलंय का हो?"

"अरे, तुझ्या डोळ्यांदेखत सगळं झालं ना?"

"झालं हो. खोटं आहे, कळतंय मला. पण दुखायचं थांबत होतं. दाढ फार ठणकतेय."

 तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घोगरा, फुटका, पण यांचाच. इतक्या दिवसांतला पहिला.

"दुखतंय तोवर जा."

कंडक्टरने यांच्या मानेवरच्या पट्टीकडे बघितलं. मग उठला. मी त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंपर्यंत गेले, कारण एकटा गेला असता याची मला खात्री नव्हती.

याला आता किती वर्षं झाली. टोपड्यांसारखी दात पुसायची कापडं आता चांगल्या कंपन्याही करतात, प्रवासात कामाची असतात. ती दात पुसतात आणि तसंच सांगतात. माझं भांडण कापडाशी कधीच नव्हतं. ते बाबाही गेले असतील एव्हाना, पण त्यांचा धंदा चालूच आहे. कुणी काळं करून दाखवतं, कुणी लाल करून. म्हणून सांगते. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. जो चमत्कार दाखवतो त्याला म्हणा, आता हे माझ्या हातात दे, मी करून बघते. खरं असेल तर तो देईल, नसेल तर रागावेल. राग आला की समजून घ्या. विचारायला शिक्षण लागत नाही आणि लाज तर मुळीच वाटू देऊ नका.

आणि हे वाचताना तुमचा हात गालावर असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी दवाखाना गाठा.