हर्षिताच्या नावाची पुडी

कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाच्या बंदरातून बोट निघाली तेव्हा कॅप्टनने सगळ्यांना एकच नियम सांगितला. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. ज्याने त्याने आपला जोडीदार ठरवायचा आणि हात लांब केला तर लागेल इतक्याच अंतरावर पोहायचं. बोटीवर नव्याने लग्न झालेली जोडपी होती, कॉलेजातल्या मुलींचा घोळका होता, एकमेकांना सनस्क्रीन चोपडणारे आजी-आजोबा होते. जोड्या लागायला कितीसा वेळ लागणार! उरली ती अमेरिकेतल्या बॉथेल गावाहून एकटीच आलेली कादंबरी.

"मॅडम, तुमचं कोण?" कॅप्टनने विचारलं.

"माझी मैत्रीण हॉटेलवर आहे. तिला बोट लागते," कादंबरी म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की इतक्या लांब, इंग्रजीतसुद्धा, ही थाप किती सहज येते.

कारण हर्षिता हॉटेलवर नव्हती. ती कुठेच नव्हती. साताऱ्याची आई रोज फोनवर "एकटी जेवलीस का गं?" म्हणून रडवेली व्हायची, तिला गप्प करायला कादंबरीने एक दिवस "नाही, रूममेट आलीये, हर्षिता" असं ठोकून दिलं. एकदा जन्माला घातलेल्या माणसाला काय, वाढवावंच लागतं. हर्षिता नागपूरची झाली, तिला नोकरी लागली, तिला वांगं आवडेनासं झालं. लॅबमधून उशिरा घरी यायचं, ओट्याशी उभ्याउभ्याच वरणभात खायचा आणि आईला सांगायचं, आज हर्षिताने थालीपीठ लावलं होतं. मैत्रिणी होत्या, नाही असं नाही. पण कोणाची मुलं झाली, कोणाची बदली झाली, आणि कादंबरी ज्या फोनची वाट बघायची तो यायचा बंद झाला. स्वतःहून कोणाच्या दारात जाणं तिच्या जिवावर यायचं. बाई मानी. मानाने पोट भरत नाही हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं.

कॅप्टनने तिच्या हातात दोरीला बांधलेलं नारिंगी रबरी कडं दिलं. हाच तिचा जोडीदार. पाण्यात तोंड घातलं मात्र, आणि खाली समुद्री गवतात एक भलंमोठं कासव चरताना दिसलं, गोठ्यातल्या म्हशीसारखं निवांत. सावकाश मान वर करून ते श्वासाला वर आलं, अगदी तिच्या बाजूला. कादंबरीने झटकन डोकं बाहेर काढलं. तोंडातली नळी काढून "अगं बघ, बघ!" असं ती मोठ्याने म्हणाली. मराठीत. आजूबाजूला पाणीच पाणी होतं, आणि ते नारिंगी कडं. तिला इतकं पोरकं वाटलं की कासव परत खाली गेलेलं तिने बघितलंच नाही.

खरं तर ही सहल ठरली तीच मुळी एका सोयीमुळे. व्हिसाचा शिक्का संपलेला, ग्रीन कार्डाची रांग काही हलत नाही. देशाबाहेर पाऊल टाकलं की आधी भारतात जाऊन शिक्का मारून घ्या, मगच परत या. त्यामुळे निळं पाणी बघायचं तर अमेरिकेच्याच झेंड्याखालची बेटं बरी, हे तिच्यासारख्या सगळ्यांना पाठ असतं. "यूएसच आहे, काही लागत नाही," असं ऑफिसातले सगळे म्हणतात. म्हणून ती लायसन्स घेऊन निघाली आणि पासपोर्ट घरी कपाटात, साड्यांच्या खाली, सुरक्षित ठेवून आली. जाताना कोणी हटकलं नाही. घोडं अडलं ते परत येताना.

सेंट थॉमसच्या विमानतळावर विमानात बसायच्या आधी कागद तपासतात. मुख्य भूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, तुम्ही नागरिक आहात का? कादंबरी खोटं बोलण्यात तरबेज होती, पण आईशी. इथे ती खरं बोलली. अधिकारी भला माणूस होता. मूळ पासपोर्ट आणि व्हिसाचा मंजुरीचा कागद मागवून घ्या, तोवर मी तुम्हाला सोडू शकत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. वर विचारलं, "घरी कोणी आहे ना पाठवायला?"

"आहे. रूममेट."

"मग प्रश्नच मिटला. करा फोन तिला."

कादंबरीच्या तोंडचं पाणी पळालं. फोन हातात घेऊन ती बाकावर बसली आणि नावांवरून बोट फिरवत राहिली. ऑफिसातले होते, दातांचा डॉक्टर होता, गॅरेजवाला होता. यातल्या कोणाकडे तिच्या घराची किल्ली असणार? एवढ्या वर्षांत आपण कोणालाच घरात येऊ दिलं नाही, हे तिला तिथे, त्या थंडगार हॉलमध्ये, पहिल्यांदा कळलं. ती रडली नाही. पण रडू यावं असं तिला फार वाटलं.

मग सुमित्राकाकू आठवल्या.

काकू म्हणजे बॉथेलमध्येच मुलाकडे राहणाऱ्या, घरून पोळ्या आणि फराळ करून देणाऱ्या बाई. कॉन्फरन्ससाठी बॉस्टनला जाताना कादंबरीने कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला त्यांच्याकडे किल्ली दिली होती. हर्षिता इंडियाला गेलीये म्हणून! किल्ली परत मागायची राहूनच गेली. काकू भारी चौकशा करतात म्हणून नंतर तीच त्यांना टाळू लागली. तरी दर दिवाळीला काकूंचा मुलगा दाराशी शंकरपाळ्यांच्या दोन पुड्या ठेवून जायचा. एकीवर कादंबरीचं नाव, दुसरीवर हर्षिताचं.

"काकू, मी कादंबरी. एक गोची झालीये."

"अगं, तू कॅरिबियनला ना? स्टेटसवर फोटो बघितला मी. दोघी मजेत आहात ना?"

तिने पासपोर्टचं सगळं सांगितलं. काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही, हेच आधी चमत्कारिक होतं. थोड्या वेळाने त्यांचा व्हिडिओ कॉल आला तो तिच्याच घरातून. काकूंना फोन सरळ धरता येत नव्हता. त्यामुळे घर तिला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. ओट्यावर पालथी घातलेली एक ताटली. एक कप. टेबलावर लॅपटॉप आणि टेबलाला एकच खुर्ची. दाराशी हर्षिताच्या गुलाबी स्लीपर्स, काकूंना किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी मुद्दाम आणून ठेवलेल्या. आपलंच घर कादंबरी दुसऱ्याच्या हातातून बघत होती.

"मिळाला गं पासपोर्ट. कागदाचं पाकीटही आहे. आजच कुरियर करते, माझा मुलगा ड्रॉप करेल." काकूंनी पाकीट पिशवीत टाकलं. "हर्षिताचे कागद तिच्याजवळ आहेत ना?"

हो म्हटलं असतं की सुटली असती. जिभेवर आलंच होतं. पण ती फार दमली होती.

"काकू, हर्षिता नाहीये."

"म्हणजे? गेली पुढे?"

"नाही. ती कधी नव्हतीच. मी एकटीच राहते. आईला काळजी नको म्हणून..."

पडद्यावर आता फक्त छत दिसत होतं. मग काकूंचा आवाज आला.

"ठाऊक आहे गं मला. कढीपत्त्याला पाणी घालायला आले तेव्हाच कळलं. स्लीपरच्या तळाला दुकानाचं स्टिकर तसंच होतं."

"मग तुम्ही दर दिवाळीला दोन पुड्या..."

"तू म्हणालीस ना, दोघी आहोत. मग एकीला देऊन दुसरीला कसं वगळायचं? आणि मी घरी ये म्हटलं की तू म्हणायचीस, हर्षिता वाट बघते. मग तिचंही करत गेले." काकूंनी नाक ओढलं. "कढीपत्ता वाळलाय हां. पाणी घालून जाते."

कुरियर येईपर्यंत कादंबरीला बेटावरच राहणं भाग होतं. ऑफिसला कळवून झालं. आईला अजून सांगायचं होतं. ती किनाऱ्यावर बसून राहिली. लाज वाटायला हवी होती, सुटल्यासारखंही वाटायला हवं होतं. वाटलं ते भलतंच. हर्षिता गेली, असं वाटलं. वांगं न आवडणारी, नागपूरची, इतकी वर्षं रोज संध्याकाळी घरी असणारी हर्षिता गेली आणि तिच्यासाठी रडायला जगात आपल्याशिवाय कोणी नाही. मग मात्र ती रडली, चांगली हुंदके देऊन. एकदोघांनी वळून पाहिलं आणि सभ्यपणे मान फिरवली.

पार्सल आलं. हॉटेलच्या पायरीवरच तिने ते फोडलं. पासपोर्ट होता, कागदाचं पाकीट होतं, आणि खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या, काकूंच्या शंकरपाळ्या. तिने सवयीने दुसरी पुडी शोधली. टॉवेल झटकला, खोका उलटा करून पाहिला.

पुडी एकच होती. तिच्यावर एकच नाव होतं, कादंबरीचं. आणि नेहमीच्या दोन पुड्या एकत्र केल्या तर होईल, एवढी ती मोठी होती.