मधली जोडी

लहानूजी हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झाले, तेव्हा सोबत्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायच्या ऐवजी चक्क एसी दिला. तिथंच घोटाळा झाला. घड्याळ कुठंही लटकलं असतं. एसीनं सक्करदऱ्यातलं अख्खं घर लटकवलं.

घरात तीन पोरं, तीन सुना, तीन खोल्या आणि एसी एक. लहानूजींना स्वतःला तो नकोच होता. "माहे गुडघे गारठतात गा," म्हणून ते मोकळे झाले. थोरला राजरत्न म्हणे, मान थोरल्याचा. धाकटा विक्की म्हणे, लाड धाकट्याचा. मधला अश्विन तोंड उघडेपर्यंत चर्चा संपून चहाचे कपही धुऊन झालेले असत. आणि त्याची बायको मेघा? तिला सगळे एकच सांगत, "तू समजूतदार आहे वं."

हा शब्द ऐकला की मेघाचं टाळकं सरकायचं. समजूतदार म्हणून तिला वरची पश्चिमेकडची खोली मिळाली होती, जिच्या भिंतीला मे महिन्यात पापड लावला तर भाजून निघाला असता. समजूतदार म्हणून लग्नाच्या गाडीत ती स्टेपनीवर बसायची. समजूतदार म्हणून कोंबडीची मान दरवेळी तिच्याच ताटात. यंदा तिनं ठरवलं होतं की एसी वर चढवायचा आणि समजूतदारपणा खाली उतरवायचा.

एसीचं खोकं बैठकीत पडून पडून चहाचं टेबल झालं. शेवटी एका रविवारी भर दुपारी लहानूजींनी त्याच्यावर थाप मारली.

"भांडण बंद! पत्ते खेळा. जे जोडपं जिंकंल, त्याईच्या खोलीत एसी."

"तीनपत्ती?" राजरत्न खूश झाला.

"बाप्पा! कोन्या जमान्यात आहेस गा दादा? पोकर!" विक्की कंपनीच्या बसमध्ये जाता-येता फोनवर हेच खेळायचा. "दोन पत्ते हाती, पाच खोक्यावर. साताईतून चांगले पाच धराचे. खोक्यावर आधी तीन खुलतात, मंग चौथा, मंग पाचवा. दरवेळी लावाचं, नाही जमलं त पॅक."

लहानूजींच्या घरात पैशावर पत्ते चालत नसत, म्हणून फुटाणे लावायचे ठरलं. दर जोडप्याला ताटलीभर फुटाणे, आणि दोघांतल्या एकानंच पत्ते धरायचे. वाटणारे लहानूजी. विक्की अर्थातच कूलरच्या तोंडासमोर बसला. बायको प्रीती त्याच्या मागं मोबाइलवर व्हिडिओ काढायला सज्ज, कारण निकाल तिला माहीतच होता.

दुसऱ्याच हाताला अश्विनकडे दोन नव्व्या आल्या. जन्मात पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी जोडीनं आलंय, हे पाहून तो वेडाच झाला. मेघानं चिमटा काढेपर्यंत अर्धी ताटली मधे. खोक्यावर खुलले राजा, राणी, पंजी. विक्की पॅक झाला. राजरत्ननं फुटाणे वाढवले. अश्विन म्हणाला, "माही जोडी आहे ना!" आणि लावत गेला. राजरत्नकडे राजा होता. नव्व्या गेल्या, निम्म्याहून जास्त फुटाणे गेले, चिमट्याचा वळ तेवढा राहिला.

"इकडे द्या ते पत्ते," मेघा म्हणाली.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. राजा-राणी हे थोरले, त्यांचा मान ठरलेला. एक्का धाकटा, आकड्यानं एवढासा, पण सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला. अन् सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या? ना लहान, ना मोठ्या. ही तर मधली जोडी! म्हणजे आपणच की! मग आपल्याला कोण शिकवणार ही खेळायला?

मधल्या सुनेला पंगतीत बसायचं शास्त्र पाठ असतं. आधी हळूच, फुकटात डोकावायचं. मोठी माणसं पाटावर बसलेली दिसली की 'मले भूक नाही' म्हणून मागं सरकायचं. पण वाढणारा आपला माणूस निघाला, तर मात्र गुपचूप मांडी ठोकायची आणि भगोनं रिकामं होईस्तोवर उठायचं नाही.

तिला दोन सत्त्या आल्या. चार फुटाण्यांत तिनं तीन पत्ते पाहिले. एक्का, गुलाम, राणी. "पॅक."

"वहिनी घाबरून राह्यली!" विक्की खिदळला.

"घाबरत नाही गा ते. समजूतदार आहे," राजरत्न म्हणाला आणि त्यानं तोंडात फुटाणा टाकला.

मेघानं ते टिपलं. राजरत्नचा हात लटपटीचा असला की त्याचं तोंड चालायचं. खरे पत्ते आले की जबडा एकदम बंद. गोपिका, त्याची बायको, मागून कुरकुरत होती, "अवो, काहून खाऊन राह्यले? ते लावाले आहेत!" पण ऐकतो कोण!

मग आल्या दोन अठ्ठ्या. विक्की पॅक. राजरत्ननं थोडे वाढवले, मेघानं तेवढेच ठेवले. लहानूजींनी पत्ते उघडले. एक्का, अठ्ठी, तिर्री.

वाढणारा आपला निघाला होता.

मेघानं चेहरा असा पाडला, जसं कुणी पुन्हा कोंबडीची मानच वाढलीय. राजरत्नचा जबडा बंद होता, म्हणजे एक्का त्याच्याकडे नक्की. त्यानं ओंजळभर लावले.

"पाहतो आता, भाऊजी. काय कराचं," मेघानं उसासा टाकला आणि तेवढेच ठेवले.

चौथा पत्ता राजा. राजरत्न जागच्या जागी उसळला आणि त्यानं ताटलीच उपडी केली. मेघानंही तेवढेच सरकवले. पाचवा पत्ता चौकी. त्यानं एक्का-राजा आपटले. "दोन जोड्या! एक्क्याची अन् राजाची! उठ मेघा, चहा ठेव!"

"ठेवतो ना. पण या दोघी अन् ते खोक्यावरची. तीन अठ्ठ्या."



"पन माह्याकडे आनखी होते!" राजरत्न ताटली चाचपडू लागला. "अश्विनचे जिंकलेले कुठी गेले?"

गोपिकानं त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"मंग पोटातले धरा!"

"पोटातली गोष्ट डावात चालत नाही गा," लहानूजींनी निकाल दिला. "ऊठ."

उरले दोघं. मेघाचा ढीग थोडा मोठा, विक्कीचा जवळपास तेवढाच. पत्ते वाटले. मेघानं टोक उचलून पाहिलं. दोन नव्व्या.

"पॅक कर वं!" अश्विन कानाशी कुजबुजला. "याच रांडेच्याईनं मले बुडवलं!"

"तवा तिघं होते. कोनाकडे राजा असंल, कोनाकडे राणी. आता समोर एकटा विक्की. रिकाम्या पंगतीत मधलीच मोठी असते." आणि तिनं अख्खा ढीग मधे सरकवला.

विक्कीनं इस्पिक एक्का आणि गुलाम पाहिले, हसला आणि सगळे फुटाणे लावले. दोघांनी पत्ते उघडे टाकले. आता त्याला एक्का नाही तर गुलाम यायला हवा होता, बस्स.

राणी. पंजी. तिर्री. मग सत्ती.

शेवटच्या पत्त्याला लहानूजींनी हात उचलला आणि कूलरनं तो पत्ता हातातून उडवला. पत्ता गिरकी घेत गेला तो थेट सासूबाईंनी आणून ठेवलेल्या पन्ह्याच्या भगोन्यात. डुबूक!

"कोनी हात लावू नोका!" लहानूजी ओरडले. राजरत्ननं पळीनं पत्ता बाहेर काढला. जुना, कोपरे झिजलेला, कैरीच्या गरानं माखलेला. गरातून एकच लाल बदाम डोकावत होता.

"एकच बदाम! एक्का!" विक्की उडालाच. प्रीतीनं किंचाळत व्हिडिओ सुरू केला. विक्की कूलरला मिठी मारून म्हणाला, "तुही आता सुट्टी, भाऊ!" अश्विननं डोळे मिटले.

मेघा मात्र पळीकडे बघत होती. कैरीचा गर हळूहळू, मोठ्या तोऱ्यात, खाली घसरला. खालून दुसरा बदाम निघाला.

"दुर्री," लहानूजी म्हणाले.

तिसरी नव्वी आलीच नाही. मधल्या जोडीला तिची गरजच पडली नाही. अश्विननं मेघाला उचलायचा प्रयत्न केला, तो फुटाण्यांवरून घसरून खोक्यावर आपटला, आणि एसीवर पहिला हक्क त्याच्या ढुंगणानं सांगितला. प्रीतीचा व्हिडिओ मात्र झक्क आला.

पुढल्या रविवारी एसी वरच्या खोलीत लागला. बाहेर डांबर वितळत होतं. दुपारी दारावर थाप पडली. लहानूजी, बगलेत चटई.

"बाबा, तुमचे गुडघे?"

"समजावलं त्याईले," म्हणत ते आत शिरले आणि घोरूही लागले.

परत थाप. दारात राजरत्न उशी घेऊन, मागं विक्की गादी डोक्यावर घेऊन, दोघंही घामानं निथळत.

"मेघा, खाली लय उकडून राह्यलं वं. जराशी जागा..."

मेघानं दोघांकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

"जागा त नाही, भाऊजी. पन तुम्ही दोघंही समजूतदार आहात."

तिनं दार लावलं, आतून कडी घातली, आणि भर मे महिन्यात, सक्करदऱ्यात, रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली.