दार मिळणेबाबत

आमच्या मार्केटचं दार चुकीच्या बाजूला आहे, हे उद्घाटनाच्या दिवशीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण मांडव घातलेला, पेढे वाटून झालेले, अशा वेळी कोण बोलणार? नकाशात मार्केटच्या पुढून अठरा मीटरचा रस्ता जात होता. प्रत्यक्षात पुढे खाजण होतं. भरतीचं पाणी येऊन बसायचं, चिखल व्हायचा, त्यात बगळे. स्टेशनाकडून उमेळ्याकडे जाणारा खराखुरा रस्ता, रिक्षा, बसस्टॉप, पिशव्या घेतलेली माणसं, हे सगळं इमारतीच्या पाठीमागे. नगरपरिषदेने चाळीस ओटे बांधले, त्यांवर पांढऱ्या फरशा बसवल्या आणि इमारत लोकांकडे पाठ करून उभी केली.

"रस्ता येणार आहे," असं तेव्हा, म्हणजे चौऱ्याण्णव साली, सांगितलं गेलं. मी सांगते आहे ते दोन हजार सालचं. तोवर बगळे मात्र नियमित येत होते.

सोडतीत मला एकतीस नंबरचा ओटा लागला, महिलांसाठी राखीव असलेल्यांतला. मी कोकणचं सामान विकते. आमसुलं, आगळ, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, कुळथाची पिठी. माल माझी भावजय कणकवलीहून पाठवते. माझे यजमान, विलास, सकाळी सव्वासातला घर सोडतात ते रात्री नऊला उगवतात. मुलगी क्षितिजा लग्न होऊन बडोद्याला गेली. घरी बसले तर दिवसभरात मला हाक मारणारं एकही माणूस नाही. ओट्यावर निदान कुणी 'मावशी' तरी म्हणतं.

"त्या गोडाऊनमध्ये बसून तुला मिळतं काय?" विलास विचारायचे.

"घरी बसून काय मिळतं?" असं मी उलट विचारलं, की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

पहिल्या वर्षी चाळीसच्या चाळीस ओटे भरलेले होते. पण मागच्या रस्त्यावरून पुढच्या दारापर्यंत यायचं तर गटाराच्या कडेने अख्ख्या इमारतीला वळसा. दोन जुड्या मेथीसाठी एवढी प्रदक्षिणा कोण घालतं? मग एकेक विक्रेता टोपल्या उचलून मागच्या भिंतीला बाहेरून टेकून बसायला लागला. पाच वर्षांनी मार्केट जसंच्या तसं होतं, फक्त भिंतीच्या पलीकडे. आत मी, मंगळवार-शुक्रवारी येणारा एक बांगडीवाला कासार आणि मार्केटचा शिपाई सॅन्टन, जो पेपर टेंडर नोटिशींसकट वाचायचा.

मार्गारेट सगळ्यांत शेवटी गेली. तिचा तीस नंबर, माझ्या शेजारचा. उमेळ्याला तिची स्वतःची वाडी. वालपापडी, अळू, माठ, केळीचे घड, सगळं घरचं. निघताना म्हणाली, "तोंड कशाला पाडतेस, वसू? मी काय गावाला नाय चालले. भिंतीपलीकडे आहे."

आणि ते अक्षरशः खरं होतं. ती बरोबर माझ्या पाठीमागे बसली. मधे नऊ इंची विटांची भिंत, तिच्यात वर सिमेंटची जाळी. मी भिंतीला पाठ टेकायची, तीही टेकायची. मान जरा वर करून बोललं की आवाज जाळीतून पलीकडे उतरायचा. ओरडायला लागत नसे.

"वसू, जेवलीस?"

"जेवले."

"काय होतं?"

"पिठी-भात."

"परत? तुझा नवरा संत माणूस आहे."

एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळायची आणि मी बरण्यांकडे. दिवसातून असं दहा-बारा वेळा. तिच्या बाजूच्या लोकांना ते विचित्र वाटत असणार. एकदा एव्हरशाईन सिटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईने तिला हळूच विचारलं, "या भिंतीत देवाचं ठिकाण आहे का हो?"

"आहे ना," मार्गारेट म्हणाली. "कोकणातली देवी. प्रसादाला आमसुलं देते. पण दर्शनाला वळसा घालावा लागतो."

ती बाई वळसा घालून आली. अर्धा किलो आमसुलं घेऊन गेली. तेवढ्या वर्षांत मार्गारेटने मला असे कितीतरी भाविक पाठवले.

मग दोन हजार साली ऑक्टोबरात अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. मी ती पाहिली नाही, ऐकली. पळापळ, टोपल्या ओढल्याचा आवाज, कुणाचा तरी तराजू पडला. मार्गारेटला पळता येत नाही. दोन्ही गुडघे गेलेले. ती साध्या आवाजात कुणाला तरी सांगत होती, "टोपली ने बाबा, पण केळी वर ठेव. खाली काळी पडतात."

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

"मार्गारेट?"

"आहे."

"काय झालं?"

"काय नाय. पाणी पिते."

मी ओटा तसाच टाकून वळसा घालून गेले. गाडी निघून गेली होती. ती तिच्या गोणपाटावर बसली होती आणि तिच्यापुढे काहीही नव्हतं. गिऱ्हाईक नसताना मी रोजच बसते. पण माल नसताना बसलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. मला बघून ती म्हणाली, "ओटा उघडा टाकून आलीस? मांजर पापड खाईल," आणि मला परत पाठवलं.

त्यानंतर महिन्याभरात सॅन्टनने पेपरातली नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. ओटे वापरात नसल्याने मार्केटच्या इमारतीचं मंगल कार्यालय करण्याचं प्रस्तावित आहे. हरकती व सूचना तीस दिवसांत.

"वहिनी, तुमच्या ओट्याच्या जागी नवरा-नवरीचं स्टेज येणार बहुतेक," सॅन्टन म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की तो विनोद करतो.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पण अर्ज लिहायला मी रेशनकार्डाच्या वेळी शिकले होते, आणि एकदा ती भाषा हाताला लागली की सुटत नाही. मी लिहिलं: 'विषय: मार्केटला मागील बाजूने दार मिळणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये नम्र विनंती की, मार्केटचे तोंड पुढे असून लोक मागे आहेत.' पुढे आणखी अर्धं पान होतं, पण मुद्दा एवढाच. बाहेर बसणाऱ्या बत्तीस जणांच्या सह्या-अंगठे घेतले. मार्गारेटने पेन हातात घेऊन विचारलं, "दार झालं की आम्हाला आत बसवणार ना?"

"आत सावली आहे, नळ आहे. आणि गाडी येत नाही."

तिने सही केली.

अर्जाला उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण सव्विसाव्या दिवशी परेश नावाचा ज्युनियर इंजिनीअर आला. क्षितिजाच्या वयाचा, शर्ट इन केलेला, हातात टेप. त्याने मागची सगळी भिंत ठोकून पाहिली. इकडे संडास, तिकडे पाण्याची टाकी, इथे कॉलम, तिथे मीटरची खोली. शेवटी माझ्या ओट्यापाशी थांबला, टेप लावली, परत लावली.

"काकू, दार निघतं. सात फुटांचं. पण एकाच ठिकाणी निघतं." मग त्याने सॅन्टनला विचारलं, "हा ओटा कुणाचा?"

"अर्ज करणारीचा," सॅन्टन म्हणाला.

परेशने टेप खिशात टाकली. मुलगा चांगला होता, त्याला अवघडल्यासारखं झालं. ओटा तोडायला माझं नाहरकत पत्र लागणार होतं. त्याबदल्यात रिकाम्यांपैकी एक ओटा मिळणार होता. पण रिकामे ओटे तरी कुठे होते? बाहेर बसणाऱ्यांचे ओटे त्यांच्या नावावर तसेच होते. खरोखर रिकामे फक्त पहिले तीन, पुढच्या दाराजवळचे.

"तुम्हाला एक नंबर देतो, काकू."

"एक नंबरला गिऱ्हाईक कुठून येणार?"

"पुढचा रस्ता झाला की..." तो म्हणाला, आणि वाक्य त्याने स्वतःच सोडून दिलं.

पत्राचा कागद तीन दिवस माझ्याकडे होता. विलास म्हणाले, "मग देऊ नकोस. तुला कुणी सांगितलं होतं?" त्यांचं चुकलं नव्हतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं. पत्र दिलं नाही तर दार नाही, दार नाही तर मंगल कार्यालय, आणि मंगल कार्यालयात मी पापड विकायला नाही, फार तर पंगतीला बसणार. पत्र दिलं तर मार्केट राहणार होतं. मी त्यात कुठे राहणार, एवढाच प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मान वर केली.

"मार्गारेट, दार माझ्या ओट्यातून निघतंय."

पलीकडे कुणीतरी दुधीचा भाव विचारत होतं. तिने सांगितला नाही.

"मग नको दार," ती म्हणाली.

"आणि लग्नाचा हॉल झाला की?"

"होऊ दे. आम्ही बाहेरच आहोत."

"गाडी येते."

"येते नि जाते."

"आणि तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, नगरपरिषदेचे नाय." मग तिने विचारलं, "तू तिकडे एक नंबरला गेल्यावर माझ्याशी बोलशील कशी?"

मला हसू आलं. "मधे भिंत नसेल आता. चालत येईन."

"हां," ती म्हणाली. "तेही खरंच."

संध्याकाळी मी पत्र लिहिलं. कारकुनाने मजकूर सांगितला होता, 'माझी काहीही हरकत नाही.' मी 'काहीही' गाळून लिहिलं. त्याने ते परत लिहून आणायला लावलं.

मार्चमध्ये भिंत फोडली. मी आतून बघत होते, ती बाहेरून. पहिल्या चार विटा पडल्या आणि भोकातून तिचं लाल लुगडं दिसलं, मग तिचा चेहरा. तिने माझ्याकडे, मग भिंतीच्या जाडीकडे पाहिलं. "एवढ्या जवळ बसत होतीस?" ती म्हणाली.

महिन्याभरात सगळे आत आले. मार्गारेटचा तीस नंबर आता थेट दाराला लागून, मार्केटातली सगळ्यांत मोक्याची जागा. तिने पहिल्याच दिवशी अर्धा ओटा मोकळा केला आणि माझ्या बरण्या स्वतः मांडल्या. "एक नंबरला तुझी मांजर बसू दे," म्हणाली.

पंधरा दिवस आम्ही एका ओट्यावर बसलो. पण पालेभाजीवर दर अर्ध्या तासाने पाणी मारावं लागतं, आणि पापडाला पाण्याचा वारासुद्धा चालत नाही. माझे पापड मऊ पडायला लागले. तिच्या लक्षात आलं. तिने पाणी मारायचं कमी केलं. दुपारपर्यंत तिचा माठ माना टाकायला लागला, आणि ती तो पदराआड ढकलून पुढे चांगल्या जुड्या लावायला लागली. सोमवारी मी लवकर येऊन बरण्या एक नंबरला नेल्या.

आता मार्केट चांगलं चालतं. मंगल कार्यालयाचा प्रस्ताव रद्द झाला. लोक नव्या दाराने येतात, विसाव्या-बाविसाव्या ओट्यापर्यंत पिशव्या भरतात आणि वळतात. माझ्यापर्यंत येतात ते बहुतेक चुकलेले.

"मावशी, बाहेर कुठून जायचं?"

"आलात तिथूनच."

परेश एकदा मुद्दाम भेटायला आला. "काकू, तुमच्यामुळे मार्केट वाचलं," म्हणाला. मी त्याला पोह्याचे पापड दिले. तो पैसे देत होता, मी घेतले नाहीत.

चालत येईन असं म्हटलं होतं, तशी मी जायची. एक नंबर ते तीस नंबर, छप्पन्न पावलं. जावं तर तिच्यापुढे चार बायका. ती मान वर करायची, "थांब हां, वसू," म्हणायची, आणि मी बाजूला उभी राहायची. एकदा एका बाईने मला विचारलं, "तुमचा नंबर आहे का?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही घ्या." मग हळूहळू मी जायचं कमी केलं. नाहीतर पुन्हा तिला कशात तरी काटकसर करावी लागली असती.

मे महिन्यात एका दुपारी ती स्वतः आली. तीनचा सुमार, गर्दी नव्हती. ओट्यांच्या कडा धरत, मधेमधे थांबत आली आणि माझ्या ओट्यावर बसली. पुढच्या दारातून तिने खाजणाकडे बघितलं.

"बरी जागा आहे. वारा येतो."

"येतो."

इतकी वर्षं आम्ही एकमेकींना न बघता बोललो होतो. समोरासमोर कुठून सुरुवात करायची ते दोघींनाही सुचेना. माझ्याकडे तर सांगण्यासारखं होतं. क्षितिजाचा बडोद्याहून फोन आला होता, तिला तिसरा महिना लागला होता. बारा दिवस मी ती बातमी मार्गारेटसाठी जपून ठेवली होती.

"मार्गारेट, क्षितिजाचं..."

"मावशी, वालपापडी कशी दिली?" तिकडून हाक आली.

ती उठली नाही. "बोल तू," म्हणाली. "काय क्षितिजाचं?"

"मावशी, आहे का कुणी?"

ती माझ्याकडेच बघत होती, पण तिचा हात ओट्याच्या कडेवर गेला होता.

"जा," मी म्हटलं. "गिऱ्हाईक उभं आहे."

"येते परत," म्हणून ती गेली. चारनंतर गर्दी झाली, मग साडेसातला तिचा मुलगा रिक्षा घेऊन आला.

बातमी मी शेवटी सॅन्टनला सांगितली. त्याने पेपर खाली ठेवला, कितवा महिना, डॉक्टर कोण, बाळंतपण कुठे, सगळं नीट विचारलं. मग म्हणाला, "वहिनी, मार्गारेटला सांगितलंत?"

"सांगेन," मी म्हटलं, आणि बरण्यांची झाकणं लावायला घेतली.