तीन पायांचा पुलर

म्हाताऱ्याला सगळे फिटर म्हणत. गाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, बायको गेली, शेवटी स्वतःचं घर सोडून लेकीकडे येऊन राहावं लागलं, पण ते नाव काही सुटलं नाही आणि नावाबरोबरचा ताठाही. लेकीच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती. सकाळचा चहा झाला की फिटर तिच्यात बसायचा आणि अंगणात वावरणाऱ्या जावयाच्या चुका काढायचा. दुसरं काम काय होतं बिचाऱ्याला! बिचारा आपलं म्हणायचं म्हणून, आतून पक्का खडूस.

जावई साधा माणूस. बारा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली आणि आता कुठे स्वतःची व्हॅन घेतली होती, तीही जुनी. औषधांच्या एका गोदामाचं काम मिळालं होतं. सोमवारी सकाळी सातला गाडी गेटवर उभी हवी, नाहीतर यादीतला पुढचा माणूस तयारच बसलेला, असं गोदामवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमकी बुधवारी मागच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली. गॅरेजवाल्याने चाक हलवून पाहिलं, एक्सलचं बेअरिंग गेलंय म्हणाला आणि असा आकडा सांगितला की जावई नुसता "बरं" म्हणून गाडी हळूहळू घरी घेऊन आला.

"बेअरिंग परवडतंय गं, मजुरी नाही परवडत," तो बायकोला म्हणाला. "घरीच बदलतो. व्हिडिओ बघितलेत मी. फक्त हत्यारं हवीत."

हत्यारं म्हटल्याबरोबर खुर्चीतल्या फिटरचे कान टवकारले. हत्यारं त्याच्याकडे होती, आणि कशी होती! आतल्या खोलीच्या माळ्यावर पत्र्याची पेटी, तिला कुलूप, आणि कुलपाची किल्ली फिटरच्या गळ्यातल्या दोऱ्यात. चाळीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन एकेक जमवलेली. दोन वर्षांपूर्वी तो इथे राहायला आला तेव्हा जावई म्हणाला होता, "बाबा, खोली लहान आहे, पेटी वर ठेवू या का?" आणि एका शेजाऱ्याच्या मदतीने, धापा टाकत, ती वर चढवली होती. झालं! तेव्हापासून फिटर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, जावयाने माझा जन्म माळ्यावर टाकला. पेटीत काय आहे ते मात्र त्याने कुणाला कधी उघडून दाखवलं नाही.

जावई समोर येऊन उभा राहिला. "बाबा, तुमच्याकडे चाकाचा हब ओढून काढायचा पुलर असेल ना? आणि एक्सलच्या नटाचं मोठं सॉकेट? दोन दिवस मिळालं तर फार बरं होईल."

फिटरला द्यायचं नव्हतं असं नाही. दोन वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता. पण एकदा मागितल्यावर दिलं तर मजा काय राहिली? जरा नाक घासावं, दोनदा-तीनदा विनवावं, अंगणात खुर्ची मांडून म्हणावं की बाबा, तुम्हीच सांगा, मी करतो. म्हणून फिटर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हत्यारं आहेत हो जावईबापू. पण ती धरायला हात लागतात. तुमचे हात स्टिअरिंगपुरते."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली, "राहू द्या हो. बाहेर कुठे मिळतंय का बघा." आणि त्या बावळटाने खरंच परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिटर हातात किल्ली धरून बसला होता.

मग जावयाची वणवण सुरू झाली. गुरुवारी हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने खोक्यातून चकचकीत पुलर काढला, याने किंमत वाचली आणि उगाच खोक्याचं कौतुक करून बाहेर पडला. भाड्याने देणारा एक सापडला, तर त्याची अनामत ऐकून घाम फुटला. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "हत्यार देतो ना, पण गाडी माझ्याकडे आण." म्हणजे मजुरी आलीच. शेवटी फोनवरून सगळ्यात स्वस्तातला मागवला, तो शनिवारी आला. ब्रेकचा घट्ट बसलेला ड्रम काढायला म्हणून लावला, तर पहिल्याच ताणात पुलरचा एक पाय वाकला.

"काय हो, बिस्किटाचा आहे का?" फिटर खिडकीतून ओरडला. समोरच्या गच्चीवरचे दोघे खो-खो हसले. जावईही हसला. हसला! फिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने निदान वाईट तरी वाटून घ्यावं.

रविवारी जावई सकाळी सकाळी जुन्या बाजारात गेला आणि दहाच्या सुमाराला एक गोणपाट खांद्यावर टाकून परतला. लेक शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. जावयाने अंगणात गोणपाट सोडलं. एक मोठं सॉकेट, एक जाड पाना, आणि पुलर. काळाकुट्ट, वजनदार, तीन पायांचा. त्यातला एक पाय बाकीच्या दोन्हींहून वेगळा, मागून जोडलेला, आणि जोडाखाली पंचने मारलेले तीन ठिपके.

फिटर खुर्चीत ताठ झाला. तो पाय त्याने स्वतः गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून कापून काढला होता, घासला होता, वेल्ड केला होता. ठिपकेही त्याचेच. आपल्या हातचं काम माणूस कसं विसरेल?

तो काठी घेऊन उठला, आतल्या खोलीत गेला, काठी वर करून माळ्यावरच्या पेटीला टेकवली आणि ढकलली. पेटी रिकाम्या डब्यासारखी सर्रकन मागे सरकली. कडीचे रिवेट उडवलेले होते. कुलूप नुसतं शोभेला लटकत होतं.

चोर! मला घरात घेतलं ते यासाठी! सगळी पेटी भंगारात घातली, एक पुलर ठेवून घेतला, आणि आता माझ्याच डोळ्यांदेखत, जुन्या बाजारातून आणल्याचं सोंग करून, माझंच हत्यार वापरतोय. ओरडावं असं त्याला वाटलं. पण तो ओरडला नाही. परत येऊन खुर्चीत बसला.

बाहेर पुलरने ड्रम झकास निघाला होता. आता एक्सलचा नट काढायचा, मग हब, मग बेअरिंग. जावयाने सॉकेट बसवलं आणि कोणताही नट सोडवतात तसा पाना डावीकडे ओढला. नट हलेना. फिटर बघत होता. या गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. तो उजवीकडे फिरवला की सुटतो. कामावर लागलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं. जावयाने बघितलेला व्हिडिओ दुसऱ्याच गाडीचा असणार. प्रत्येक हिसक्याला नट अजून घट्ट होत होता.

तासाभराने जावई घाम पुसत खिडकीखाली आला. "बाबा, परवा माझं बोलणं चुकलं असेल तर सोडून द्या. तुमच्याएवढं यातलं कुणाला कळतंय? एकच सांगा. मी फिरवतोय ती दिशा बरोबर आहे ना? की जोर कमी पडतोय?"

दोन वर्षं फिटरला हेच ऐकायचं होतं. अगदी हेच, याच सुरात. आणि आलं ते आज! उद्याचा सोमवार त्याला आठवला, गोदामाचं गेट आठवलं, लेकही याच व्हॅनवर जेवणार हेही आठवलं. सगळं आठवूनसुद्धा तो म्हणाला, "दिशा बरोबर आहे. जोर लावा. पान्याला लांब पाईप घाला आणि उभे राहा त्याच्यावर."

जावयाने सांगितलं तसंच केलं. पाईपवर एक पाय ठेवला, मग दुसरा, मग अंगाचा भार टाकून एक हिसका दिला. काडकन आवाज झाला आणि तो फरशीवर आपटला. कोपर सोलवटलं. सॉकेटमध्ये नट होता, आणि नटात एक्सलचं तुटलेलं टोक.

लेक त्याच क्षणी फाटकातून आत आली. जावयाने बसल्या बसल्याच दोन ठिकाणी फोन लावले. इतक्या जुन्या गाडीचा एक्सल कुणाकडे नव्हता, मागवायचा तर तीन आठवडे. मग तो उठून खिडकीपाशी आला. आता हा शिव्या घालणार, म्हणून फिटरनेही तोंडात शब्द तयार ठेवला होता. चोर.

"माझंच चुकलं बाबा," जावई म्हणाला. "जास्तच भार दिला मी. तुम्ही नीट सांगितलं होतंत." त्याने पुलर उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "हत्यार मात्र अस्सल मिळालं बघा. आता मला काय उपयोग? तुमच्या पेटीत ठेवा, तिथे शोभेल." आणि तो गोदामवाल्याला फोन करायला फाटकाशी गेला.

फिटरच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

लेक सॉकेट हातात घेऊन खोलीत आली. लहानपणी ती रोज बापाचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जायची आणि तासन्‌तास तिथेच बसून राहायची. तिने तुटलेल्या टोकाचे आटे खिडकीच्या उजेडात धरले.

"कुठल्या बाजूला फिरवायला सांगितलंत?"

फिटरने खिडकीबाहेर बघितलं.

"डावं चाक आहे बाबा. मला सातव्या वर्षी कळत होतं."

"तुझ्या नवऱ्याने माझी पेटी विकली," फिटर कसाबसा म्हणाला.

"मी विकली. मागच्या वर्षी तुम्ही कंबर मोडून दवाखान्यात पडला होतात तेव्हा, बिल भरायला. भंगारवाल्याला घरी बोलावून, मी." तिचा आवाज जराही चढला नाही. "यांना कळलं असतं तर यांनी व्हॅनसाठी साठवलेलं मोडलं असतं, पण तुमच्या पेटीला हात लावू दिला नसता. म्हणून यांना सांगितलं नाही. अजून ठाऊक नाही त्यांना."

फाटकाशी जावई बोलत होता, "हो साहेब. नाही, उद्या नाही जमणार. हो, बरोबर आहे तुमचं. घ्या दुसरा माणूस."

फिटरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो खुर्चीचे हात धरून उठू लागला. "मी सांगतो त्यांना. पाया पडतो त्यांच्या. माझी मती फिरली होती गं पोरी."

लेकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खाली बसवलं.

"एक शब्द बोलायचा नाही. ते माफ करतील तुम्हाला. आजच करतील, वर तुमचेच डोळे पुसतील. ते मला बघायचं नाही."

जावई फोन खिशात ठेवून पायऱ्या चढत होता. "अगं, आधी बाबांना वाढ," तो म्हणाला. "माझ्या पायी सकाळपासून उपाशी बसलेत."

"वाढते," ती म्हणाली. आत जाऊन तिने ताट केलं, आणून बापाच्या मांडीवर ठेवलं, आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "जेवा. आणि मरेपर्यंत गप्प राहा."